ह्यांचा आवाज खोक्यात होता

लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घरात एक मधली खोली आहे. हे तिला सर्व्हर रूम म्हणायचे, मी अडगळ म्हणायचे. हे म्हणजे माझे यजमान. हवाई दलात रेडिओची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, शेवटची बदली लखनौला झाली, निवृत्तीनंतर ते अमौसीला विमानतळावर एका कंपनीत लागले, आणि कराडला परत जायचं ते राहूनच गेलं. मी मिरजेची. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलगी इथेच वाढली, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आता ती बंगळुरूला असते. तिथूनही हिंदीतच येतं.

तर त्या खोलीत एक काळं खोकं होतं. अमौसीच्या ऑफिसानं जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा हे ते उचलून घरी घेऊन आले. उंबऱ्यावर त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. खोक्यात चार डिस्क होत्या. कुठलीही फाइल दिली की ते खोकं तिचे तुकडे करणार आणि चौघींवर वाटून टाकणार, वर एक हिशेब असा ठेवणार की एखादी डिस्क मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचं सगळं परत उभं करता यावं. हे कौतुक ह्यांनी कोणाला सांगितलं नाही असा माणूस नाही. सिलिंडर घेऊन आलेल्या भैयालासुद्धा उभं करून सांगितलं होतं. "एक गेली तरी काही जात नाही!"

"आणि दोन गेल्या तर?" मी विचारायचे.

"दोन एकदम कशा जातील? काहीतरीच तुझं."

घरातलं सगळं त्या खोक्यात गेलं. मुलीचे लहानपणचे फोटो, तिच्या लग्नाचं शूटिंग, विम्याचे कागद, माझ्या प्रश्नपत्रिका. आणि शेवटी ह्यांचा आवाज.

त्याचं असं झालं, की एका उन्हाळ्यात ह्यांचा घसा बसला तो काही केल्या उठेना. मध, हळद, ज्येष्ठमध सगळं झालं. मग आमच्या भागातल्याच मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे नळी घालून पाहिलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. विडी नाही, सिगरेट नाही, तंबाखू नाही. इतकी वर्षं लखनौत राहून पानाला तोंड न लावलेला माणूस! मी डॉक्टरांनाच विचारलं, मग ह्यांना कसा काय झाला? ते म्हणाले, "होता है कभी-कभी." होता है म्हणे! मी त्यांना तिथेच दोन शब्द सुनावणार होते, पण ह्यांनी टेबलाखालून माझा पदर ओढला.

मुलीनं शोधून काढलं की ऑपरेशनच्या आधी माणसानं आपला आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवला, तर त्यावरून मशीनचा आवाज बनवता येतो. मग फोनवर टाइप केलं की फोन तुमच्याच आवाजात बोलतो. दक्षिणेतल्या एका संस्थेतली मंडळी हे काम करतात. त्यांनी वाक्यांचे ढीग पाठवले. ह्यांनी ठरवलं, आवाज मराठीतच करायचा. मुलगी म्हणाली, "पापा, हिंदी में करवाओ ना, सबके काम आएगी." हे म्हणाले, "सगळ्यांशी काय, मी पाटीवर लिहूनही बोलेन. घरात तुझ्या आईशी बोलायचंय मला." मी स्वयंपाकघरात होते. ऐकून मला जरा बरं वाटलं, ते मी दाखवलं नाही.

भाद्रपदातली उमस, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. खिडकीवर रजई टांगलेली. आत हे घामानं निथळत वाचतायत, "झाडाखाली ढाल ठेवून धनगर झोपला." सगळे ध्वनी यावेत म्हणून असली वाक्यं असतात म्हणे. घसा सकाळी जरा बरा असायचा, म्हणून सकाळीच बसायचे. आणि नेमका सकाळीच गल्लीत भाजीवाला. "आलू ले लो, प्याज ले लो, टमाटर!" ह्यांचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून. मी फाटकात पहाऱ्याला उभी राहिले. "भैया, इधर मत चिल्लाओ, आगे जाकर चिल्लाओ." त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. मग त्याला खरं काय ते सांगितलं, तर बिचारा गल्लीत शिरताना तोंडावर बोट ठेवून गाडी ढकलायला लागला आणि मी इतकी हसले की आतून ह्यांनी ओरडून मलाच गप्प केलं.

वाक्यं झाल्यावर संस्थेनं सांगितलं, रोजच्या वापरातले तुमचे स्वतःचे शब्द आणि बोलणीही भरा, जे तुम्हाला घरात लागतं ते. तेव्हा ह्यांनी दार आतून लावून घेतलं. काय भरलं ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मग ऐकशीलच की."

लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं सगळं ह्यांनी खोक्यात टाकलं आणि लॅपटॉप साफ केला. लॅपटॉपचा काय भरवसा, तो पडतो, चोरीला जातो! प्रत्येक फाइलचं पुढचं-मागचं खरखरणं कापून, नावं घालून, मग एकदम पाठवायची असं ठरलं होतं. मुलगी म्हणत होती, जैसा है वैसा भेज दो. पण हवाई दलात तयार झालेला माणूस, अर्धवट काम बाहेर कसं पाठवणार? ते कापणं सुरू होतं तोवर ऑपरेशनची तारीख आली. "घरी आलो की पाठवतो," म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून नेताना त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ह्यांनी वॉर्डबॉयला सांगितलं, "भैया, इस पहिये में तेल डाल दो." दार बंद झालं. स्वतःच्या गळ्यातून बोललेलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. मला इतका राग आला होता! शेवटचं बोलायचं तर माझ्याशी बोला ना, चाकाशी काय बोलता? पण मग मी स्वतःला समजावलं, असू दे, खोक्यात भरपूर बोलून ठेवलंय.

हे घरी आले ते नवरात्र बसायच्या बेतात. मानेच्या पुढच्या बाजूला श्वासाचं छिद्र, त्यावर पातळ कापडाचा रुमाल. अंगात ताकद नाही, पण डोळे टवटवीत. लहान मुलांची असते तशी खोडता येणारी पाटी मुलगी ऑपरेशनला आली तेव्हा आणून ठेवून गेली होती, तिच्यावर लिहायचे. खंडेनवमीच्या सकाळी लिहिलं, "पूजा मी करणार."

आमच्याकडे खंडेनवमी जोरात. लखनौत कारखान्यांमधून विश्वकर्मा पूजा होते, ती वेगळी. घरातली हत्यारं आणि अवजारं आम्ही नवमीलाच पुजतो. माझी विळी, कात्री, ह्यांचे स्क्रूड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंग आयर्न, स्कूटर. दरवर्षी त्या काळ्या खोक्याला बाहेरूनच हळदकुंकू लागायचं आणि वर झेंडूचं फूल. या वर्षी मात्र ह्यांनी खोकं उघडलं. मी म्हटलं, "अहो, राहू दे ना, बाहेरूनच लावा." तर पाटीवर लिहिलं, "यंदा माझा आवाज आहे त्यात."

चारही डिस्क बाहेर काढल्या. त्या ज्या खाचांच्या ट्रेमध्ये बसतात, ते ट्रे धुळीनं माखलेले, म्हणून डिस्क ट्रेमधून सोडवल्या आणि ट्रे धुऊन गच्चीत वाळत घातले. नंबर होते ते ट्रेवर, डिस्कवर नव्हते. पण हे काही वेंधळे नाहीत. पाटावर डिस्क क्रमानं मांडल्या, डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पूर्वेकडे तोंड करून बसले, प्रत्येकीला कोरडं हळदकुंकू अगदी चिमटीनं, आत एक कण जाणार नाही असं. फुलं वाहिली. आवाज नाही म्हणून आरती मी एकटीनं म्हटली, हे टाळ्या वाजवत राहिले.

अवजारं त्या दिवशी हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा, सकाळी उत्तरपूजा झाल्यावर हे डिस्क परत बसवायला बसले. आता खोक्याचा प्लग पाटाच्या पलीकडच्या भिंतीला, आणि खिडकीचा उजेडही तिकडूनच येत होता. म्हणून हे पाटाच्या पलीकडे बसले, तोंड पश्चिमेला. आणि डावीकडून उचलायला सुरुवात केली.

एवढंच. बाकी काही झालं नाही. पाटाच्या एका बाजूला बसून मांडलं आणि दुसऱ्या बाजूला बसून उचललं. पहिली होती ती चौथी झाली.

खोकं सुरू केलं तर ते पी-पी करायला लागलं. ह्यांनी पडदा जोडला. त्यावर इंग्रजीत आलं होतं की ही मांडणी ओळखीची नाही, नव्यानं तयार करू का? हे दमलेले होते. ऑपरेशननंतर एवढं बसले तेच पहिल्यांदा. त्यांना वाटलं, नव्यानं वाचू का, असं विचारतंय. हो म्हटलं. पी-पी थांबली. ह्यांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि मी चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन आले तर ह्यांनी प्लग ओढून काढलेला, वायर हातात, आणि चेहरा पांढराफटक.

खोकं वाचत नव्हतं, लिहीत होतं. चारही डिस्क नव्या कोऱ्या आहेत असं समजून जुन्याच्या वर आपला नवा हिशेब लिहीत सुटलं होतं. ह्यांना ते कळेपर्यंत बरंच लिहून झालं होतं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "एक गेली तरी काही जात नाही ना? मग हे काय गेलं?" असलं सगळं. भांडणात एक मजा असते, समोरचा उलट बोलतो. हे पाटीवर लिहायला लागले आणि मी इतकी भराभर बोलत होते की त्यांचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत माझी तीन व्हायची. शेवटी त्यांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. मग मला रडू आलं. सोन्याची पानं म्हणून इकडे आपट्याऐवजी कचनारची पानं आणतो, ती तशीच पिशवीत राहिली. त्या दसऱ्याला आम्ही कोणाकडे गेलो नाही, आमच्याकडे आलेल्यांना बरं नाही म्हणून सांगितलं.

हजरतगंजच्या मागे कॉम्प्युटरचा बाजार आहे. तिथे बुडालेल्या डिस्कमधून फाइली काढून देणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, तोंडात सुपारी, बोलणं अगदी जुन्या लखनौचं. मी ई-रिक्षात खोकं मांडीवर घेऊन गेले. हे बरोबर होते. काय झालं ते ह्यांनी घरूनच कागदावर लिहून आणलं होतं, तंत्राच्या भाषेत, तरी त्या गृहस्थांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. पूजेचं ऐकल्यावर त्यांनी हात जोडले. "मैडम, नीयत तो बहुत पाक थी."

"नीयत का क्या करूँ?" मी म्हटलं. "मिलेगा या नहीं, वो बताइए."

"पहले चाय लीजिए."

हे इथलं मला कधीच जमलं नाही. आमच्या मिरजेत दुकानदार 'नाही' म्हणतो आणि पाठ फिरवतो, आपण दुसऱ्या दुकानात जातो. इथे 'नहीं' म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मग "देखते हैं", "कोशिश जारी है", "आप फ़िक्र न करें". आणि आपण मूर्खासारखे फिक्र न करता घरी येऊन बसतो, आणि मग आठवडाभर दुप्पट फिक्र करतो. मला ते चांगले वाटत होते आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता.

काम मात्र त्यांनी रीतीनं केलं. आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल काढून घेतली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवल्या. मग नकलांवर खटपट करून मूळ क्रम लावला. फोन आला, "तरतीब मिल गई, मुबारक हो." पुढच्या फोनला, "नाम सब आ गए." आम्ही दोघं उडालोच. ह्यांनी पाटीवर मोठ्ठ्या अक्षरात 'चला' लिहिलं. मी वाटेत मिठाई घेतली. मुलीला रिक्षातूनच फोन केला. ती रडायलाच लागली, "मम्मी, सच में? पापा की आवाज़ मिल गई?" मी म्हटलं, "मिळाली गं, सगळी मिळाली."

दुकानात पडद्यावर खरंच सगळी नावं होती. ह्यांनी घातलेली एकेक नावं, धनगर, ढाल, पाऊस, बाजार. फाइलींचे आकारही बरोबर. त्या गृहस्थांनी स्पीकर लावला आणि पहिली फाइल उघडली.

तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की येतो तसा आवाज. मध्येच "झाडाखा", पुन्हा चर्र, मग "पला". दुसरी उघडली. नुसती चर्र. तिसरीत ह्यांचा एक श्वास ऐकू आला, बोलायच्या आधी घेतात तो, आणि पुढे काही नाही. ते एकामागून एक उघडत गेले. मिठाईचा डबा माझ्या हातात तसाच. हे पडद्याकडे बघत नव्हते, स्पीकरकडे बघत होते.

"जहाँ-जहाँ मशीन ने नया लिख दिया," ते गृहस्थ म्हणाले, "वहाँ पुराना, समझिए, नहीं रहा."

"समझिए क्या? रहा कि नहीं रहा?"

त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मैडम, आपके सामने कहते अच्छा नहीं लगता."

मी मिठाई त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आम्ही निघालो. परत कशाला न्यायची?

तुम्ही म्हणाल, आवाज दुसरीकडे कुठे नव्हता का? जुने व्हिडिओ असतील, फोनवर काही असेल. आमचे व्हिडिओ सगळे त्याच खोक्यात, आणि लग्नाचं शूटिंगही चर्र झालं. इतरांकडे होतं त्यात हे दिसतात, बोलत नाहीत, कारण बोलायच्या वेळी कॅमेरा नेहमी ह्यांच्याच हातात. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवणं ह्यांना थिल्लरपणा वाटायचा. मुलीकडे दोन छोटे तुकडे निघाले, त्यात मागे बँड वाजतोय. ते आणि उरलेली फुटकी वाक्यं तिनं इंटरनेटवरच्या कुठल्याशा मशीनला खाऊ घातली. हल्ली म्हणे थोडक्यावरूनही आवाज करतात. तयार झालेला आवाज तिनं पाठवला. हिंदी बातम्या देणारा एखादा तरणा माणूस मराठी वाचतोय असं वाटलं. हे शेवटपर्यंत ऐकून बसले. मग पाटीवर लिहिलं, "हा कोण?"

दक्षिणेतल्या मंडळींनी कळवलं की एवढ्यावरून ते काही करू शकत नाहीत. त्यांनी स्पष्ट 'नाही' म्हटलं. मला आधी वाटायचं, स्पष्ट सांगितलं की बरं असतं. काही बरं नसतं.

घशावर धरून बोलायचं एक गुणगुणतं यंत्र इस्पितळातून मिळालं होतं. पण ऑपरेशननंतर दिलेल्या रेडिएशननं मान इतकी भाजून निघाली की त्याचा स्पर्श सोसेना. मग उरला फोन. फोनमध्ये तयार आवाज असतात. हिंदीत पुरुष होता. मराठीत होती ती बाई. ह्यांनी 'जरा चहा टाकतेस का' टाइप करायचं आणि आमच्या घरात एक परकी बाई गोड गळ्यानं मला म्हणायची, "जरा चहा टाकतेस का." पहिल्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तिला सांगा, स्वतः टाकून घे." नंतर ह्यांनी माझ्याशी हिंदीतल्या पुरुषाच्या आवाजात बोलून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी कधी हिंदीत बोललो नव्हतो. "दवा का समय हो गया?" असं माझ्याच नवऱ्यानं मला विचारलं आणि मी "जी" म्हणाले. आम्ही दोघंही ओशाळलो. ह्यांनी फोन बाजूला ठेवला आणि पाटी घेतली.

थंडी सुरू झाली होती तेव्हा हजरतगंजहून पुन्हा फोन आला. मी म्हटलं, आता काय? ते गृहस्थ म्हणाले, काही फाइली शाबूत निघाल्यात, अगदी लहान लहान. मोठ्या फाइलीचे तुकडे चार डिस्कवर पडतात, त्यातला एखादा जातोच. लहान फाइल अख्खी एकाच डिस्कवर बसते. तिच्या जागेवर मशीननं लिहिलं नसेल तर ती वाचते. "ज़्यादा उम्मीद न रखिएगा," हे मात्र ते पहिल्यांदाच म्हणाले.

एका पेन ड्राइव्हवर ते देऊन गेले. स्वतः स्कूटरवर आले, हजरतगंजपासून इतक्या लांब. ह्यांनी दार लावून रेकॉर्ड केलेले ते घरगुती शब्द होते. एकेकटे शब्द, कारण वाक्यं झाली की फाइल मोठी होते. 'हो.' 'नको.' 'पाणी.' 'थांब.' 'पुरे.' 'आलो.' 'दुखतंय.' आणखी काही असेच. जरा घोगरा, पण स्वच्छ, चर्र नाही, मागे पंखा नाही, भाजीवाला नाही. ह्यांचा आवाज.

वाचलेल्यांबरोबर त्यांनी बाकीच्या फाइलीही दिल्या होत्या, त्या यादीत 'अगं' होतं. मला ह्यांनी जन्मभर दुसरी हाक मारली नाही. मी माउस ओढून घेतला आणि तेच आधी उघडलं. तव्यावर पाणी.

'अगं' नावाच्या पुढेही फाइली होत्या, अगं ऐक, अगं बस जरा, अगं रागावू नको, अशा नावांच्या. त्या लांब होत्या. त्या सगळ्या मी उघडून पाहिल्या, एकही सोडली नाही. ह्यांनी माझा हात धरून माउस काढून घेतला.

वाचलेल्या शब्दांची मुलीनं फोनवर बटणं करून दिली. एकेक बटण, दाबलं की शब्द. ह्यांनी 'हो' दाबून बघितलं, 'नको' दाबून बघितलं, आणि फोन पालथा घातला. पाटीवर लिहिलं, "एवढ्यात काय बोलणार?"

त्यानंतर त्यांनी ती बटणं वापरलीच नाहीत. मी काय काय करून पाहिलं! "चहा हवाय का?" हे मान हलवणार. "अहो, मान काय हलवता, मी पाठमोरी आहे, मला दिसत नाही." तरी येऊन पुढ्यात उभे राहणार आणि मान हलवणार. "एक बटण दाबायला काय जातं तुमचं?" मी चिडून विचारलं एकदा. "मला ऐकायचंय, कळत नाही का तुम्हाला? 'हो' म्हणा. 'नको' म्हणा, 'पुरे' म्हणा मला, चालेल." ह्यांनी पाटी घेऊन लिहिलं, "तो आता मी नाही." आणि लगेच खोडलं. मी त्यानंतर विचारणं सोडून दिलं. मनातून नाही सोडलं.

माघ संपता संपता ऊन बरं पडायला लागलं. मटारचा शेवटचा हंगाम. दुपारी मी स्वयंपाकघरात निमोन्यासाठी, म्हणजे इकडच्या वाटलेल्या मटारच्या रश्श्यासाठी, मटार सोलत बसले होते, हे आत पडले होते. आणि आतून ह्यांचा आवाज आला.

कुठला शब्द ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आवाज शिरला. इतका स्पष्ट, बाजूच्या खोलीतून माणूस सहज बोलतो तसा. मी परात तशीच टाकून धावले, मटार सगळीकडे सांडले. हे पलंगाच्या कडेला बसले होते, मांडीवर फोन. मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. इतक्या महिन्यांत मी तशी हसले नव्हते. मी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"पुन्हा," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा ना. एकदाच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाबलं.

"दुखतंय."

मी अजून हसतच होते. ह्यांनी तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो हात मानेवर होता, टाक्यांच्या व्रणाशेजारी, आणि त्याच्याखाली गाठीसारखं काहीतरी वर आलेलं होतं.